चार का, बारा का

तुमच्या मेहनतीवर कोणी लाल शाईनं एक आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि खाली एक अक्षरही लिहिलं नाही, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. कॉपी दुमडून बॅगेत घालता, घरी "ठीक होतं" म्हणता आणि जेवायला बसता. बहुतेक जण हेच करतात. मीही केलं असतं, पण आमच्या घरात तशी सोय नव्हती.

आमच्या घरात पत्रकं निघत. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते. फौजेतून सुटल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते वस्तीच्या नळासाठी पत्रक काढण्याचं, आणि ते व्यसन पुढे बाबांना लागलं. बाबा टपाल खात्यात होते. दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर पोचवायचा आणि संध्याकाळी इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या घरी बसून स्वतःचा लिहायचा. बसचा थांबा हलवला, पत्रक. वाचनालयाला कुलूप लागलं, पत्रक. हुंडा घेणाऱ्या एका नातेवाइकावरही पत्रक निघालं आणि ते त्याच लग्नाच्या मांडवात वाटलं गेलं. इतर मुलं बाराखडीच्या तक्त्यावर वाचायला शिकली, मी 'जाहीर निषेध'वर शिकले. 'ष' मला 'श'च्या आधी येत होता.

अशी मी बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेऊन बसले. ब्रिटिश लिटरेचरच्या पेपरात एक जाडजूड जुनी कादंबरी होती. त्यात एक मोठं घर, घरात पुष्कळ खोल्या, प्रत्येक खोलीत शेकोटी, आणि माणसं अशी की दुपारच्या चहाला कोणाला बोलवायचं यावर तीन प्रकरणं चर्चा करतील. शिकवायला मॅडम होत्या, कोल्हापूरकडच्या, इंदूरला नुकत्याच नोकरीवर आलेल्या. त्या इंग्रजीत सुरू करत, हिंदीत समजावत आणि आम्हा दोन-चार मराठी पोरांना मराठीत रागावत. आमचं मराठी ऐकून त्यांचा चेहरा भाजीत खडा लागल्यासारखा व्हायचा. "'मी बोर झाली' नाही, 'मी कंटाळले' असं म्हणायचं," त्या म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, "हो ना मॅडम, तेच तर म्हणून राहिलो."

इंटरनलचा निबंध पंधरा गुणांचा. विषय: या कादंबरीतलं घर.

वर्गात यावर फार विचार करण्याची पद्धत नव्हती. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गाइड मिळायचं. त्यात 'कादंबरीतलं घर' असा तयार प्रश्न होता आणि तयार उत्तर होतं. जुनी इंदूर मोहल्ल्यातला माझा एक मित्र, बाकावर माझ्या शेजारी बसणारा, त्यानं ते उत्तर सुंदर अक्षरात उतरवलं, वर पारदर्शक कव्हर चढवलं आणि मोकळा झाला. मी मात्र कादंबरी वाचली. वाचताना मला ना घर दिसलं ना चहा. मला दिसली ती मोलकरीण. ती दार उघडते, कोळसा वर नेते, गरम पाणी आणते. तिला कादंबरीभर नाव नाही. कुत्र्याला नाव आहे!

मी पेटले. निबंध लिहिला आणि मग आमच्या घरी जे कोणत्याही लिखाणाचं होतं तेच त्याचंही झालं. त्याचं वाचन झालं.

वाचन म्हणजे मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि घरातल्यांनी तो कापायचा. नियम जुने होते. आत्याचा नियम असा की एका श्वासात न मावणारं वाक्य बाद. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झाली तरी आवाज वॉर्डातलाच राहिला. बाबांचा नियम असा की पत्रकात 'कदाचित' येता कामा नये. मी इंग्रजी वाक्य वाचत होते, मराठीत सांगत होते, आणि दोघं सपासप कापत होते.

"'असं म्हणता येईल की हे घर...' येईल काय? म्हण ना," बाबा म्हणाले.

"अगं, हे 'असं वाटतं' कोणाला वाटतं? तुला? मग वाटू नको देऊ, सांग," आत्या म्हणाली.

तर असं सगळं 'वाटणं' काढून टाकल्यावर पहिलं वाक्य उरलं ते हे: 'हे घर कोळसा वाहणाऱ्या एका मुलीच्या पाठीवर उभं आहे.' आत्यानं टाळी वाजवली. बाबा म्हणाले, "आता शेवट. मागण्या कुठे आहेत?"

"बाबा, हा निबंध आहे."

"असू दे. वाचणाऱ्याला कळायला नको का, तुला हवंय काय?"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, आजही थोडं पटतं. मी निबंधाच्या शेवटी लेखिकेकडे तीन मागण्या केल्या. लेखिका जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण आमच्या घरी अधिकारी बदलून गेला म्हणून मागणी थांबत नाही. मोलकरणीला नाव द्यावं. तिला एक तरी प्रकरण द्यावं. कुत्र्याचं वर्णन कमी करून ती जागा तिला द्यावी.

कॉप्या परत मिळाल्या. माझ्या कॉपीवर लाल गोलात चार. पास व्हायला सहा हवे होते.

बाकावरच्या शेजाऱ्यानं आपली कॉपी उघडली आणि तो घाबरला. बारा. "अगं, बारा! मी तर नॉवेल उघडलीच नाही, कसम से. घर कोणतं आहे तेही मला माहीत नाही."

"इंग्लंडमधलं आहे," मी दातओठ खात म्हणाले.

"तेवढं माहीत आहे भिया." इंदुरात 'भिया' सगळ्यांनाच म्हणतात, मुलींनाही.

हसण्याची गोष्ट होती, पण माझ्यासाठी नव्हती. इंटरनलमध्ये नापास म्हणजे पेपर अडकला, पेपर अडकला म्हणजे त्या वर्षी एम.ए.चा प्रवेश नाही. एम.ए. करून शिकवायचं, एवढं एकच मी लहानपणापासून ठरवलेलं. शनिवारी गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर चढणार होते, आणि एकदा चढले की ते उतरवणं म्हणजे सात खिडक्यांची यात्रा. मी मॅडमना गाठलं. त्या दुसऱ्या वर्गाकडे घाईत निघाल्या होत्या.

"मॅडम, चार का?"

"चारच," त्या म्हणाल्या. "का म्हणजे काय? नीट वाच, कळेल."

मी घरी जाऊन नीट वाचलं. मला ते भारी वाटलं. मग मी पत्रक लिहिलं.

वर मोठ्या अक्षरात: 'बारह क्यों? चार क्यों?' हिंदीत, कारण वर्ग हिंदीत वाचतो. खाली मजकूर जेमतेम अर्धं पान. या कॉलेजात कोणालाच आपल्या नंबरांचं कारण कळत नाही. ज्याला आपल्या बाराचं कारण सांगता येत नाही, त्याचे बारा त्याचे नव्हेत, आणि जिला चारचं कारण कोणी सांगितलं नाही, तिचे चार तिचे नव्हेत. एकच मागणी: आकड्याखाली कारण लिहा. सर्वांत खाली माझं नाव, वर्ग, रोल नंबर. निनावी पत्रक बाबांच्या लेखी पत्रकच नव्हे. आणि त्यांचा आणखी एक नियम होता, जो मोडलेला मी कधी पाहिला नाही. ज्याच्या विरोधात पत्रक, पहिली प्रत त्याच्या हातात. हुंडेवाल्या नातेवाइकालाही पहिली प्रत बाबांनी स्वतः नेऊन दिली होती, नवरदेवाशेजारी उभं राहून.

म्हणून झेरॉक्सचा गठ्ठा शेजाऱ्याच्या हाती देऊन मी स्टाफरूममध्ये गेले. मॅडम कॉप्यांच्या ढिगामागे होत्या, नुसता अंबाडा दिसत होता.

"हे तुमच्यासाठी," मी म्हणाले. "तुमच्याविरुद्ध आहे."

त्यांनी वर पाहिलं. पत्रक घेतलं. एकदा वाचलं. "हे सबमिशन आहे?"

"नाही मॅडम. पत्रक आहे. आता वर्गात वाटणार आहोत. तुम्हाला आधी दिलं."

"मला आधी का?"

"अशीच पद्धत आहे."

त्यांनी खालचं माझं नाव आणि रोल नंबर बोट ठेवून वाचला. मग त्यांनी ते पत्रक ढिगाच्या अगदी वर ठेवलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. मला वाटलं, संपलं. एम.ए.च नव्हे, बी.ए.सुद्धा संपलं.

मी परतले तोवर वर्गात जत्रा भरली होती. शेजारी बाकांमधून फिरत पत्रक असं वाटत होता जणू घरचं लग्न आहे. "घ्या, घ्या, माझं नाव नाहीये त्याच्यात, पण बारावाला मीच आहे." मागच्या बाकांवरून "क्यों? क्यों?" असा घोष सुरू झाला. पंख्याखाली पानं उडत होती. एका मुलानं पत्रकाचं विमान करून सोडलं आणि ते बरोबर दारात जाऊन मॅडमच्या पायाशी उतरलं.

मॅडमनी विमान उचललं, उलगडलं, टेबलावर हातानं सपाट केलं. त्या दिवशी त्यांनी कादंबरी उघडलीच नाही. फळ्याकडे गेल्या आणि माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य लिहिलं. 'इस कॉलेज में किसी को अपने नंबरों का कारण नहीं पता.'

"किसी को?" त्यांनी 'किसी'खाली रेघ मारली. "पूछा था सबसे?"

मी उभी राहिले. "मॅडम, सगळ्यांना माहीतच आहे की..."

"हात वर करा. आपल्या गुणांचं कारण कोणाला माहीत आहे?"

कोणीच करणार नाही याची मला खात्री होती. पहिल्या बाकावरच्या एका अतिशय शांत मुलीनं हात वर केला. "मॅम, मला माहीत आहे. मी निबंधाच्या आधीच विचारायला गेले होते. मॅमनी गुण कशाला देणार ते अर्धा तास सांगितलं."

वर्ग हसून लोळला. शेजारी माझ्या कानाशी म्हणाला, "गेलं तुझं पहिलं वाक्य." मी त्याच्या पायावर पाय दिला.

मग मॅडमनी दुसरं वाक्य लिहिलं, बारावालं. त्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली. एक नाही, दोन. "हे बरोबर आहे. बारावाला कोण?"

ज्यानं सकाळपासून जगाला ओरडून सांगितलं होतं तो बाकाखाली शिरला. सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर काढलं.

"या कादंबरीतलं घर कसं आहे?" मॅडमनी विचारलं.

"मोठं, मॅम."

"आणखी?"

"खूप मोठं, मॅम." तो हात जोडून म्हणाला, "मॅम, नंबर कमी करून टाका, पण उभं करू नका."

मॅडम हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि जे बोलल्या ते त्या वर्गात त्याआधी कोणी बोललं नव्हतं. "गाइडमध्ये मुद्दे होते, याच्या कॉपीत मुद्दे होते, मी मुद्दे मोजले. कॉप्यांचा ढीग होता, थकले होते. कोणाचे मुद्दे ते विचारलं नाही. चूक माझी."

आम्हाला काय करावं हेच कळेना. मास्तर चूक कबूल करतात तेव्हा काय म्हणायचं असतं, हे कोणत्याच गाइडमध्ये नव्हतं.

"आणि एक सांगते," त्या उठून म्हणाल्या, "ज्यांचं साहित्य आपण शिकतो, त्या लोकांनी शेकडो वर्षं पत्रकं काढली. राजावर काढली, चर्चवर काढली, पावाच्या भावावर काढली. एकमेकांच्या पत्रकांना उत्तर म्हणून पत्रकं काढली. तुमच्याच अभ्यासक्रमात आहे, युनिट चार."

"मॅम, युनिट चार येत नाही," मागून दोन-तीन आवाज आले.

"कुठे येत नाही?"

"गाइडमध्ये."

माझी काय अवस्था झाली कशी सांगू! घरी आम्ही ज्याला बाबांचं येडेपण म्हणायचो, ते युनिट चार होतं! मला उठून बाकावर नाचावंसं वाटत होतं. मॅडमनी माझं पत्रक परत दिलं. समास लाल शाईनं भरला होता. 'पुरावा?' 'उत्तम.' 'हे दोनदा आलं.' 'नाव लिहिलंस, छान.' सगळ्यात खाली, गोलात, अकरा.

"पत्रकाला अकरा," त्या मला मराठीत म्हणाल्या. "निबंधाला चारच. आता कारण सांगते, तू मागितलंस म्हणून. ती मुलगी कोळसा वाहते म्हणतेस. कुठल्या पानावर? तुझ्या निबंधात कादंबरीतलं एक वाक्य नाही. समज, गल्लीतल्या नळावर पत्रक काढलं, तर नळ तिथेच असतो, कोरडा. लोक जाऊन बघतात. इथे नळ पुस्तकात आहे, बाळ. पान उघडून दाखवावं लागतं."

मी कादंबरी उघडून कोळशाचं पान शोधायला लागले.

गुरुवारपर्यंत ज्याला हवं त्यानं निबंध पुन्हा लिहावा, असं त्यांनी जाहीर केलं. प्रत्येकानं स्वतःला किती गुण देतो ते कारणासकट लिहायचं. "मीही कारण लिहीन, दोन ओळी. हात दुखला तर हिच्या नावानं ओरडेन."

घरी जाऊन मी सगळं सांगितलं तेव्हा बाबांना आपलं युनिट चारमध्ये असणं इतकं आवडलं की त्यांनी दोनदा चहा मागितला. मग म्हणाले, "पुरावा मागितला ना? देऊ." आणि आम्ही तिघं मोलकरणीच्या शोधाला लागलो. बाबा चष्मा लावून पानं उलटायचे, जिथे ती दिसेल तिथे जुन्या पत्रकांच्या चिठोऱ्या खोचायचे. आत्या इंग्रजी फार वाचत नसे, पण 'मेड' हा शब्द तिनं बरोबर हेरला होता. "ही बघ, पुन्हा आली! ही बघ!" पुस्तक चिठोऱ्यांनी फुगून साळिंदरासारखं झालं.

तिथेच एक जागा सापडली, जी मी पहिल्या वाचनात सरळ ओलांडून गेले होते. बैठकीत पाहुणे बसलेत, कोणीतरी काहीतरी गंभीर बोलतंय, आणि दारामागून हसण्याचा आवाज येतो. मालकीण विचारते, कोण आहे तिथे? दारामागून उत्तर येतं, कोणी नाही, मॅडम.

मी वाचून मराठीत सांगितलं. आत्या ताडकन उठली. "कोणी नाही म्हणजे? उभी आहे ना बाई तिथे!"

हाच माझा निबंध होता. एवढंच वाक्य, आणि त्याभोवती दार, कोळसा, गरम पाणी, सगळं पानासकट. लिहिताना बोटं थांबेनात. फक्त एका ठिकाणी गाडी अडली. ती हसली का? त्या बोलण्याला हसली, की पाहुण्यांना, की स्वयंपाकघरातल्या कुठल्यातरी गमतीला? कादंबरी सांगत नाही. मी लिहिलं, 'कदाचित ती त्यांना हसत असेल.'

वाचनात बाबा तिथेच थांबले. "हे काय आलं?"

"कदाचित आहे, बाबा."

"ते दिसतंय. ते या घरात कसं आलं?"

"लेखिकेनं सांगितलेलं नाही ती का हसली. मग मी कसं सांगू? मी ठोकून सांगितलं तर मीही तिच्या तोंडात शब्द कोंबतेय."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "पोरीचं बरोबर आहे. पेशंटला कुठे दुखतं ते पेशंटनं सांगायचं."

बाबांनी त्या शब्दावर पेन टेकवलं आणि परत उचललं. आयुष्यभर पाळलेला नियम होता. "एकदाच घाल," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा दिसलं तर कापीन."

शनिवारच्या आत कॉप्या आल्या. मॅडमनी खरंच लिहिलं होतं, प्रत्येकाला. शेजाऱ्यानं स्वतःला सात मागितले होते, कारण लिहिलं होतं, 'पहिली तीन प्रकरणं वाचली, बाकी आवडली नाहीत, का ते लिहिलं आहे.' मॅडमनी सात दिले आणि खाली लिहिलं, 'मलाही चौथं आवडत नाही.' तो कॉरिडॉरमधून कॉपी फडकवत पळत सुटला. "सात! माझे सात! माझे स्वतःचे आहेत भिया!" बारा मिळाले तेव्हा त्याला इतका आनंद झाला नव्हता. मग आम्ही पाच-सहा जण स्नेहलतागंजच्या एका गाडीवर पोहे खायला गेलो आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यालाही आपल्या सातचं कारण वाचून दाखवत होता. पोहेवाल्यानं त्याला जास्तीची शेव घातली.

मला दहा मिळाले. खाली लाल शाईत: 'ही कादंबरी मी अनेकदा वाचली, शिकवली. "कोणी नाही" या शब्दांपाशी कधी थांबले नव्हते. आता दर वर्षी थांबेन. पाच गुण शेवटच्या तीन मागण्यांचे कापले. त्या निबंधात बसत नाहीत.'

हो, मागण्या मी काढल्या नव्हत्या. माहीत होतं, गुण जातील. पण तिला नाव मिळायला हवं असं मला वाटत होतं, आणि माझे पाच गुण कशावर गेले हे मला पक्कं ठाऊक होतं. असे गेलेले गुण बोचत नाहीत. बाबांनी तो शेरा वाचला, पेन काढलं आणि खाली उत्तर लिहायला लागले. मी कॉपी ओढून घेतली.

आता मी एम.ए.ला आहे आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या थोड्या कॉप्या मला तपासायला मिळतात. ढीग मोठा असतो, हात दुखतो, आकडा लिहून गोल काढायचा मोह होतो. तरी लिहिते. म्हणून तुम्हालाही सांगते. तुम्ही शिक्षक असाल, शिकवणी घेत असाल, घरी लेकराची वही तपासत असाल, तर आज जी वही पुढ्यात येईल तिच्यावर आकडा टाकल्यावर पेन खाली ठेवू नका. त्याखाली एक ओळ लिहा: हे गुण का दिले, किंवा का कापले. आणि तुमच्या स्वतःच्या कपाटात असा गोलातला एखादा आकडा अजून पडून असेल, तर तो घेऊन, नाव सांगून, ज्यानं दिला त्याच्यासमोर उद्या उभे राहा आणि विचारा.